दोन तोळ्यांचा जीव

(सरांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सर आम्हाला माळावर न्यायचे तेव्हा त्यांचा एकच दंडक असायचा. घरटं दिसलं की दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. नान्नजच्या वाटेवर एकदा चंडोलाचं घरटं सापडलं होतं. गवताच्या बुंध्याशी, गुराच्या खुरानं पडलेल्या खळग्यात, तीन ठिपकेदार अंडी. आम्ही पोरं भोवती उभी, सगळ्यांचे हात मागे, आणि माना मात्र जिराफासारख्या पुढे. सर म्हणायचे, "डोळ्यांनी बघा. हाताचं इथे काम नाही."

त्याच सरांनी एकदा स्वतःचा नियम मोडलेला मी पाहिला. चैत्रातली गारपीट होऊन गेली होती. शाळेच्या फाटकावरच्या बोगनवेलीत बुलबुलाचं घरटं होतं, ते एका बाजूनं सुटून लोंबकळत होतं. आत दोन पिल्लं. सरांनी खिशातून सुतळी काढली, स्टुलावर चढले, घरट्याला फांदीशी दोन वेढे दिले, गाठ मारली आणि खाली उतरून पुन्हा हात मागे बांधून उभे राहिले. मी म्हणालो, "सर, तुम्ही हात लावलात." ते म्हणाले, "लावला. आता काढून घेतला."

ही दोन वाक्यं मला तेव्हा कळली नव्हती. ती कळायला मला फार लांबचा एक पक्षी वाचावा लागला. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापासून पूर्वेला सुमारे 800 किलोमीटरवर, प्रशांत महासागरात चॅथम नावाची बेटं आहेत. तिथलं घड्याळ न्यूझीलंडच्याही 45 मिनिटं पुढे चालतं. आत्ता इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेत आणि सभागृहातले पंखे पुरे पडत नाहीयेत. तिथे मध्यरात्र उलटून पावणेदोन झालेत आणि थंडी सुरू झाली आहे. सतत वारा, सतत ढग. तिथल्या मूळ रहिवाशांचं, मोरिओरी लोकांचं, या भूमीसाठीचं नाव आहे रेकोहू. धुक्यातल्या सूर्याची भूमी असा त्याचा अर्थ सांगतात.

या बेटांवरच्या रानात एक छोटा गाणारा पक्षी राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. मोरिओरी त्याला 'करूरे' म्हणतात, इंग्रजीत त्याचं नाव ब्लॅक रॉबिन. नावात रॉबिन असलं तरी युरोपातल्या तांबड्या छातीच्या रॉबिनशी किंवा आपल्या बांधावर शेपटी उडवत फिरणाऱ्या चिरकाशी त्याचं जवळचं नातं नाही. तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या वेगळ्याच कुळातला. नखशिखांत काळा. चोच काळी, पाय काळे, नर आणि मादी दोघंही काळी. लांबी वीतभरही नाही. वजन बावीस ते पंचवीस ग्रॅम. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर दोन तोळे. लग्नात मुलीच्या गळ्यात घालतो ते मंगळसूत्र सहज याच्यापेक्षा जड असतं.

हा रानाच्या खालच्या अंगाला राहणारा पक्षी. पाचोळ्यात उतरायचं, किडे, अळ्या, गांडुळं टिपायची, जवळच्या फांदीवर जाऊन बसायचं. घरटं झाडाच्या ढोलीत किंवा कुजक्या खुंटात, अनेकदा अगदी जमिनीलगत. एका वेळी साधारण दोन अंडी. त्याच्या बेटांवर जमिनीवरून चालत येऊन अंडी खाणारा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे उंचावर घर बांधायची किंवा चाहूल लागताच पळायची गरज त्याला लाखो वर्षांत पडली नाही. माणूस जवळ गेला तर तो उडून जात नाही, उलट काय आहे ते बघायला येतो. ज्यांनी त्याच्यावर काम केलं ते सगळे हे सांगतात, की तो जवळ येऊन तुमच्याकडे बघतो.

मग जहाजं आली. जहाजांतून उंदीर आले, माणसांबरोबर मांजरं आली, मेंढ्या आल्या, रानं तोडून आणि जाळून कुरणं झाली. मुख्य चॅथम बेटावरून करूरे गेला, पिट बेटावरून गेला. मांगेरे नावाच्या छोट्या बेटावर सशांचा उपद्रव झाला म्हणून मांजरं सोडली होती, तिथूनही तो गेला. त्याच बेटांवरचे आणखी दोन गाणारे पक्षी, चॅथमचा बेलबर्ड आणि चॅथमचा फर्नबर्ड, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कायमचे संपले.

मोरिओरी लोकांबद्दल इथे दोन वाक्यं बोललो नाही तर ते चुकीचं होईल. माणसानं माणसाला ठार मारायचं नाही, असा नुनुकू नावाच्या पूर्वजाचा नियम हे लोक पिढ्यान् पिढ्या पाळत आले होते. 1835 साली न्यूझीलंडहून बंदुका घेऊन आलेल्या सुमारे 900 लोकांनी त्यांची बेटं घेतली, शेकडो मारले, उरलेल्यांना गुलाम केलं. पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत राहिली की मोरिओरी संपले. ते संपले नव्हते. 2005 साली त्यांनी कोपिंगा इथे आपलं सभागृह उभं केलं. माणसांची आणि पक्ष्यांची गोष्ट एका मापानं मोजायची नसते, हे मला माहीत आहे. पण "संपला" हा शब्द किती घाईनं लिहिला जातो, ते या एकाच बेटसमूहात दोनदा दिसतं. करूरेही संपला असं धरलं गेलं होतं. 1938 साली चार्ल्स फ्लेमिंग हा तरुण निसर्ग-अभ्यासक लिटल मांगेरे नावाच्या कड्यावर चढला, तेव्हा तो तिथे सापडला.

लिटल मांगेरे हे बेट म्हणण्यापेक्षा समुद्रातून सरळ वर आलेला सुळका आहे. सगळं मिळून पंधरा-सोळा हेक्टर. चहूबाजूंनी कडे, माथ्यावर थोडंसं खुरटं रान. ते इतकं अवघड होतं की मांजर तिथे पोचलं नाही, मेंढी पोचली नाही. म्हणून पक्षी वाचला. आपल्याकडे जुनी देवराई वाचते ती भीतीनं किंवा भक्तीनं. ही वाचली ती कड्यामुळे.

पण कडा बाहेरच्याला अडवतो, आतल्या झिजेला अडवत नाही. रानात वेली माजल्या, झाडं मरू लागली, छत फाटलं, वारा आत शिरला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माथ्यावर वीसच्या आसपास पक्षी होते. 1976 साली मोजले तेव्हा सात.

सात. आपल्या वर्गाच्या एका बाकावर दाटीवाटीनं बसली तर तेवढी पोरं बसतात.

इथे डॉन मर्टन यांचं नाव येतं. 1939 साली जन्मलेला हा माणूस न्यूझीलंड सरकारच्या वन्यजीव सेवेत होता. लहानपणी त्यांनी आणि त्यांच्या भावंडांनी गोल्डफिंच पक्ष्याची पिल्लं आजीच्या कॅनरीच्या पिंजऱ्यात ठेवली आणि कॅनरीनं ती स्वतःची समजून वाढवली. ही घरातली गोष्ट लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

मर्टन यांच्या मनावर दुसराही एक ओरखडा होता. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ बिग साउथ केप नावाचं बेट आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उंदीर उतरले. ज्यांना धोका दिसत होता ते ओरडत होते, पण उंदरांनी पक्षी संपतात हे त्या काळच्या काही जाणत्या अभ्यासकांना पटत नव्हतं. आधी पुरावा आणा, मग बघू. 1964 मध्ये मर्टन आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले तोवर बेट रिकामं होत आलं होतं. सॅडलबॅक नावाचे 36 पक्षी पकडून दुसऱ्या बेटांवर नेले, ते जगले, त्यांची जात वाचली. बुश रेन नावाचा इवलासा पक्षी, स्नाइपची एक जात आणि एका मोठ्या वटवाघळाची जात मात्र गेली ती गेली. पुरावा पुरा झाला तेव्हा पुराव्यातला पक्षी उरला नव्हता. माझ्या मते पुढच्या सगळ्या धाडसाचं मूळ या बेटावर आहे. सात पक्ष्यांचं काय करायचं, या प्रश्नाला थांबून बघू हे उत्तर द्यायला हा माणूस आता तयार नव्हता.

शेजारच्या मांगेरे बेटावरची मांजरं केव्हाच संपली होती, 1968 मध्ये मेंढ्याही हटवल्या गेल्या. तिथे रान नव्हतं, म्हणून लावायला घेतलं. अकेअके नावाच्या स्थानिक झाडाची सुमारे 1,20,000 रोपं. पण रोपाचं रान व्हायला जितकी वर्षं लागतात तितकी त्या सात पक्ष्यांकडे नव्हती. तेव्हा मांगेरेवर जुन्या रानाचा जो काही हेक्टरांचा तुकडा शिल्लक होता त्याच्या भरवशावर पक्षी हलवायचं ठरलं. सप्टेंबर 1976 मध्ये माणसं दोर लावून कडा चढली, पाच पक्षी पकडले, पेट्या पाठीवर बांधून तोच कडा उतरली, खालच्या उसळत्या पाण्यात होडीत बसली. पुढच्या वर्षी राहिलेले दोघे आणले. जगातला झाडून सगळा करूरे माणसाच्या पाठीवरून घर बदलून आला.

एवढं करूनही संख्या वाढली नाही. 1980 साली पाच उरले. त्यांत पिल्लं देणारी जोडी एकच.

पक्षी ओळखता यावेत म्हणून पायांत रंगीत कडी घातलेली असायची. तिच्या पायात निळं, त्याच्या पायात पिवळं. तीच त्यांची नावं पडली: ओल्ड ब्लू आणि ओल्ड यलो. थोरली निळी आणि थोरला पिवळा म्हणू या. निळीचा जन्म 1970 च्या सुमाराचा. या पक्ष्याचं सरासरी आयुष्य चारेक वर्षांचं, म्हणजे त्या हिशेबानं ती दुप्पट जगून झालेली म्हातारी होती. आधीच्या जोडीदारापासून तिचा वंश पुढे गेला नव्हता. मांगेरेवर आल्यावर तिनं त्याला सोडलं आणि पिवळ्याशी जोडी केली. हे माणसांनी घडवलेलं नाही, तिनं केलं. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण बचावाच्या गोष्टीत वाचवणाऱ्याचे हातच सगळ्यांना दिसतात.

आता युक्ती काय केली ते ऐका. आपल्या खेड्यातल्या बायकांना त्यातला निम्मा भाग आधीपासून ठाऊक आहे. कोंबडीची अंडी काढून घेत राहिलं तर ती घालत राहते. अंड्यांवर ठेवली तर खुडूक होऊन बसते आणि घालणं थांबवते. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर ती उबवते, पिल्लं तिच्या मागे चालतात. आजीच्या कॅनरीनंही परकी पिल्लं अशीच वाढवली होती. मर्टन यांनी हेच एका रानपाखराच्या बाबतीत करायचं ठरवलं. निळीनं दोन अंडी घातली की ती उचलायची आणि दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायची. निळी पुन्हा घरटं करेल, पुन्हा अंडी घालेल. एका हंगामात एका मादीकडून दोन-तीन वेळची अंडी.

कागदावर हे सोपं आहे. पण विचार करा, पूर्ण जात पाच पक्ष्यांवर आलेली, अंडी देणारी एकच मादी, आणि तुम्ही तिची अंडी स्वतःच्या हातानं तिच्या घरट्यातून काढून घेताय. ती पुन्हा घालेलच याची हमी नाही. अंडं फुटलं तर, गार पडलं तर, किंवा म्हातारीनं हाय खाऊन घरटंच टाकलं तर? सरांच्या त्या सुतळीच्या गाठीत मला नंतर जे दिसलं ते हेच. हात लावताना तो थरथरला पाहिजे.

पहिल्यांदा अंडी दिली ती चॅथमच्या वार्बलरकडे. आपल्या वटवट्याएवढा नाजूक पक्षी. त्यानं अंडी उबवली, पिल्लं निघाली, पण वाढत्या रॉबिनची भूक त्याच्या चोचीला झेपेना, आणि ती पिल्लं हाती लागली नाहीत. मग नजर गेली टॉमटिटकडे. हा रॉबिनचा चुलत घरातलाच. पण तो होता रांगातिरा नावाच्या दुसऱ्या बेटावर. म्हणजे अंडी उबेत ठेवून होडीनं खवळलेला समुद्र ओलांडायचा. 1981 पासून हे जमू लागलं. टॉमटिटनी अंडी उबवली, पिल्लांना भरवलं, वाढवलं.

रांगातिराची जमीन समुद्रपक्ष्यांच्या बिळांनी इतकी पोखरलेली आहे की पाऊल टाकलं की बीळ ढासळतं आणि आतलं पिल्लू गाडलं जातं. म्हणून तिथे काम करणारी माणसं पायांना लाकडी फळ्या बांधून चालतात. एका पक्ष्याला वाचवायला जाताना दुसऱ्यावर पाय पडू नये, म्हणून. दिवसचे दिवस फळ्यांवर चालत घरटी हुडकणाऱ्या त्या माणसांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. डॉन मर्टन यांचं नाव घेताना मला त्यांचीही आठवण ठेवावीशी वाटते.

आणि मग अडचण आली ती गाण्याची.

आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. पिल्लू कावळीच्या चोचीतून खातं, तिच्या पंखाखाली वाढतं, आणि तरी मोठं झाल्यावर कोकीळच होतं. वसंतात कुहू म्हणतं, काव म्हणत नाही. त्याचं कोकीळपण अंड्यातच भरलेलं असतं, कारण हजारो पिढ्या ते परक्याच्या घरातच वाढत आलं आहे. करूरेला ती सवय नाही. त्याचं रॉबिनपण काही अंशी घरात शिकायचं असतं. टॉमटिटनी वाढवलेले काही रॉबिन टॉमटिटसारखं गाऊ लागले, टॉमटिटशीच जोडी जमवू लागले. संकरही झाले. शरीर वाचलं होतं, पण आपण कोण हे त्याला सांगायला कुणी नव्हतं.

उपाय असा काढला की पिल्लं टॉमटिटच्या घरात थोडी वाढू द्यायची आणि घरट्याबाहेर पडण्याआधी परत रॉबिनच्या घरट्यात आणून ठेवायची. उडायला शिकताना समोर काळे आईबाप असले पाहिजेत. माझी आई मला आजोळी ठेवून परत घेऊन जायची तसं काहीसं. वेळ चुकली तर मूल परकं होतं, हे हिशेब त्यांनी दिवसांत बसवले. 1983 पासून रांगातिरावरही रॉबिनची स्वतंत्र वस्ती सुरू झाली.

थोरली निळी तेरा-चौदा वर्षं जगली. तिची अकरा पिल्लं वाढली. 1984 साली न्यूझीलंडच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यांनी तिच्या निधनाची अधिकृत घोषणा केली. दोन तोळ्यांच्या पाखराच्या मृत्यूची घोषणा देशाचा मंत्री करतो, हे वाचताना मला भरून आलं होतं आणि आज सांगतानाही येतं आहे. आज जिवंत असलेला प्रत्येक करूरे निळी आणि पिवळ्याच्या वंशातला आहे. 1989 पर्यंत संख्या शंभरावर गेली.

शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा पक्ष्यापक्ष्यांत जवळपास फरकच आढळला नाही. एका जोडीची लेकरं, दुसरं काय आढळणार? इतकी जवळीक घातक असते हा सर्वसाधारण नियम आहे आणि तो खोटा नाही. पण नियमाकडे बघून 1980 साली हात झटकले असते तर अभ्यासाला पक्षीच उरला नसता.

इथे ही गोष्ट संपवता येईल. वर्तमानपत्रं इथेच संपवतात. मला मात्र जे सांगायचं आहे ते यापुढे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माणसांच्या लक्षात आलं की काही माद्या अंडं घरट्याच्या वाटीत न घालता काठावर घालतात. काठावरच्या अंड्याला ऊब मिळत नाही, ते मरतं. मुठीत मावतील इतके पक्षी असताना एक अंडं वाया जाऊ देणं कुणाला सोसेल? माणसं बोटानं ते अंडं हलकेच आत ढकलायची. अंडं उबायचं, पिल्लू व्हायचं. कुणीही हेच केलं असतं. मीही केलं असतं.

पण काठावर अंडं घालण्याची खोड रक्तातून पुढे जाणारी होती. रानात एकटी असती तर त्या मादीला पिल्लं झाली नसती आणि खोड तिच्याबरोबर संपली असती. बोटानं अंडं आत ढकललं, आणि अंड्यातल्या पिल्लाबरोबर खोडही वाचली. 1989 पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालत होत्या. कल्पना करा. माणूस हटला तर अंडी मरणार, म्हणजे पक्ष्याला जगण्यासाठी माणसाचं बोट लागणार, दर हंगामात, कायमचं. दयेनं त्या पक्ष्याला हळूहळू परावलंबी करायला घेतलं होतं. मेलनी मॅसॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली हा सगळा हिशेब मांडला.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही, म्हणून ती मला जास्त अस्वस्थ करते. उंदराला, मांजराला, मेंढीला दोष देता येतो. काठावरचं अंडं ढकलणाऱ्या बोटाला काय म्हणणार? त्या बोटाशिवाय सुरुवातीची काही वर्षं जात टिकली असती की नाही, कोण सांगणार? चूक बोट लावण्यात होती असं मी म्हणत नाही. गारपिटीच्या दिवशी सुतळी बांधावीच लागते. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. आभाळ निवळलं हे कधी मानायचं?

त्यांनी 1990 पासून मानलं. घरट्यांतला हस्तक्षेप थांबवला. आता काठावर अंडं दिसलं तरी ते तसंच राहू द्यायचं. ज्या माणसांनी दहा वर्षं एकेका अंड्यासाठी समुद्र ओलांडला, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर अंडं आहे, हातभर अंतरावर. गार पडतंय. एका बोटाचं काम आहे. आणि हात मागे बांधून उभं राहायचं. मला वाटतं कड्यावरून पेटी उतरवण्यापेक्षा हे जास्त कठीण गेलं असेल.

वीसेक वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली तेव्हा काठावर अंडी घालणाऱ्या माद्यांचं प्रमाण 9 टक्क्यांवर आलं होतं.

आपल्या सोलापूरकरांना हे ऐकताना माळढोक आठवल्याशिवाय राहणार नाही. तो काही रानातला गाणारा पक्षी नाही, चांगला पंधरा किलोंपर्यंत भरणारा माळाचा राजा. पण अंडं एका वेळी बहुधा एकच, तेही उघड्या जमिनीवर. सरांनी आम्हाला नान्नजला नेलं तेव्हा माळढोक दिसणं ही नशिबाची गोष्ट नव्हती, वेळेवर उठण्याची गोष्ट होती. आज तिथे एखादा दिसला तर बातमी होते. राजस्थानात 2019 पासून माळढोकाची अंडी गोळा करून उबवण्याचं काम सुरू आहे, पिल्लं वाढताहेत. ते काम मनापासून करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मी एवढंच विचारतो की ती पिल्लं पुढे कुठल्या माळावर उतरणार? मांगेरेवर पक्षी यायच्या आधी रोपं लागायला सुरुवात झाली होती. आपल्याकडे माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणतात. पडीक जमिनीवर विजेच्या तारा जातात, कारखाने येतात, वनीकरणाच्या नावाखाली झाडंही लागतात, आणि गवत जातं. घर मोडत असताना अंडं उबवायचं, तर ते पिल्लू जन्मभर काठावरच बसलेलं राहील. हे मी रागानं बोलतोय, आणि सर इथे असते तर त्यांनी मला बोलू दिलं असतं.

आणखी एका बेटाविषयी, थोडक्यात. आपला दयाळ आपण सगळे ओळखतो. उन्हाळ्यात पहाटे गच्चीच्या टोकावर बसून गाणारा काळा-पांढरा. त्याचा एक सख्खा भाऊबंद सेशेल्सच्या बेटांवर राहतो. मांजरांमुळे तो एका फ्रेगेट बेटापुरता उरला होता, साठच्या दशकात पंधराच्या आसपास. मांजरं हटवली, पक्षी नव्या बेटांवर नेले, आज ते काही शेकड्यांत आहेत. तिथल्या कामातही डॉन मर्टन यांचा वाटा होता. 2011 साली ते गेले. पहाटे दयाळ ऐकताना मला हल्ली त्या बेटावरचा दयाळही ऐकू येतो.

करूरे आज अडीचशे-तीनशेच्या घरात आहेत. बहुतेक रांगातिरावर, थोडे मांगेरेवर. पिट बेटावर कुंपण घातलेल्या रानात काही नेऊन पाहिले, ते टिकले नाहीत. म्हणजे संपूर्ण जातीचा संसार अजून दोन बेटांवरच आहे, आणि त्यातलं मोठं बेट 219 हेक्टरांचं. आपल्या एखाद्या मध्यम गावाचं शिवार त्याहून मोठं असतं. त्या किनाऱ्याला एखादी होडी लागली, होडीतल्या पिशवीत एखादी गाभण उंदरीण असली, तर मी आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं एका हंगामात पुसलं जाऊ शकतं. म्हणून बेटावर उतरण्याआधी माणसांचं सामान तपासलं जातं. खिसे, पायमोजे, बुटांचे तळवे. तेवढा हात मात्र अजून काढून घेतलेला नाही.

सरांच्या घरी गेलो होतो मागच्या आठवड्यात. बाईंनी त्यांची जुनी खाकी पिशवी दाखवली, माळावर न्यायचे ती. आत दुर्बीण होती, पेन्सिल होती, एक वही. आणि तळाशी गुंडाळलेली हातभर सुतळी. बाई म्हणाल्या, ती त्यांच्या पिशवीत कायम असायची, पण वापरताना मी कधी बघितली नाही.

मी एकदा बघितली होती.